बंद खोलीतली कसोटी

सॉफ्टवेअरच्या कचेरीत ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य वरचेवर ऐकू येते. बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या मशीनवर प्रोग्राम खरोखर चालत असतो. अडचण अशी की त्या वाक्यातून दुसऱ्या कोणाच्या हाती काही लागत नाही. ज्या संगणकावर आपण वर्षानुवर्षे काम करतो, त्यात कधी काळी टाकलेली एखादी लायब्ररी असते, जुन्या प्रोजेक्टसाठी बदललेले सेटिंग असते, होम डिरेक्टरीत दडलेल्या कितीतरी फाईली असतात. माणूस हे सारे विसरून जातो, यंत्र मात्र विसरत नाही. प्रोग्राम चालला तो यांपैकी नेमका कशाच्या आधारावर, हे मग कोणालाच सांगता येत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरचे पॅकेज स्वतः तयार करून ते आपल्याच संगणकावर तपासू पाहणाऱ्याची पहिली गाठ पडते ती या साठलेल्या स्मृतीशी. माझे म्हणणे असे आहे की घरच्या घरी केलेल्या चाचणीला किंमत येते ती यंत्राला आपली ओळख विसरायला लावल्यावरच. आपल्याच संगणकाने काही काळ परक्यासारखे वागावे, याची व्यवस्था करणे हा पॅकेजिंगचा गाभा आहे. ही शिस्त मूठभर तज्ज्ञांपुरती राहावी, असे तिच्यात काहीही नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ. पॅकेज म्हणजे वापरायला तयार स्थितीतला प्रोग्राम: चालणारी फाईल, तिची माहितीपुस्तिका, भाषांतरे आणि सोबत आणखी कोणती पॅकेजेस लागतील याची नोंद. पॅकेजची व्याख्या ही त्याच्या आधीची पायरी. मूळ कोड कुठून आणायचा, कोणत्या साधनांनी बांधायचा, कोणत्या क्रमाने आणि तयार झालेले काय कुठे ठेवायचे, हे सांगणारी ती एक छोटी मजकुराची फाईल असते. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या २०२३ मधल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत, आणि त्या सगळ्यांमागे कोणी ना कोणी लिहिलेल्या, सांभाळलेल्या व्याख्या आहेत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात ईल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली पूर्ण केलेल्या पीएचडी प्रबंधात या व्याख्येकडे गणितातल्या फलनासारखे पाहिले: तेच घटक आत गेले तर तेच फळ बाहेर यावे. त्या कामातून निक्स ही प्रणाली उभी राहिली. लुडोविक कुर्तेस यांनी २०१२ साली ग्नू प्रकल्पात तीच कल्पना स्कीम भाषेच्या आधाराने मांडली, ती गीक्स. पुढचे विवेचन गीक्सच्या आधाराने केले आहे, कारण एकदा ती संगणकावर बसवली की सामान्य वापरकर्त्यालाही, प्रशासकाचे अधिकार न मागता, स्वतःची व्याख्या लिहून तपासता येते.

गीक्सची पुस्तिका व्याख्या कशी लिहावी हे दाखवताना ग्नू हेलोचे उदाहरण घेते. हा प्रोग्राम पडद्यावर ‘हेलो, वर्ल्ड!’ एवढेच छापतो. त्याच्या व्याख्येत नाव आहे, आवृत्ती २.१० आहे, मूळ कोडची गाठोडी-फाईल कुठे मिळेल तो पत्ता आहे, बांधणीची पद्धत आहे, एका ओळीचा परिचय व थोडे सविस्तर वर्णन आहे, आणि परवाना आहे. हे सगळे पंधरा-वीस ओळींत मावते. यातली सर्वांत बोलकी ओळ मात्र दिसायला निरर्थक वाटते: बावन्न अक्षरांची एक माळ. ती मूळ कोडचा एसएचए-२५६ हॅश. गाठोड्यातला एक बिट जरी बदलला तरी ही माळ पूर्ण बदलते आणि बिल्ड, म्हणजे बांधणी, तिथेच थांबतो. म्हणजे व्याख्या ‘हेलो आणा’ असे मोघम सांगत नाही. ‘नेमके हेच गाठोडे आणा, दुसरे चालणार नाही’ असे सांगते. इथे एक सवय जपून वापरायला हवी. बरेच जण हॅशच्या जागी नुसती शून्ये लिहितात, बिल्ड चालवतात आणि ‘अपेक्षित हॅश हा, मिळालेला हा’ असा संदेश आला की मिळालेला हॅश उचलून चिकटवतात. सोय होते, पण त्या क्षणी जे काही उतरवले गेले त्यावर डोळे मिटून शिक्का मारला जातो. प्रकल्पाने गाठोड्यावर डिजिटल सही केली असेल, तर ती पडताळून मगच हॅश लिहिणे, हे या कामातले पहिले खरे काम आहे.

व्याख्या लिहिली की ती अधिकृत संग्रहात पाठवण्याची घाई नसते. आपल्याच एका डिरेक्टरीत ती फाईल ठेवून ‘गीक्स बिल्ड’ला ती दाखवता येते. बिल्ड सुरू झाला की मागे चालणारा गीक्सचा डीमन जणू एक बंद खोली उभी करतो. त्या खोलीत आपण नसतो. बिल्डसाठीच निर्माण केलेला वेगळा वापरकर्ता असतो. बाहेरच्या नेटवर्कचा रस्ता तोडलेला असतो. आपल्या नेहमीच्या सिस्टिम डिरेक्टऱ्या दिसत नाहीत. व्याख्येत नाव घेतलेली पॅकेजेस, त्यांना लागणारी पॅकेजेस आणि बांधणी पद्धतीची ठरलेली साधने, एवढाच त्या खोलीतला संसार. होम डिरेक्टरीचा पत्ता विचारला तर ‘होमलेस-शेल्टर’ असे उत्तर मिळते, म्हणजे बेघरांचा निवारा, आणि त्या नावाची डिरेक्टरी अस्तित्वातच नसते. हे नाव मुद्दाम योजले आहे. बांधताना एखादा प्रोग्राम वापरकर्त्याच्या घरात डोकावत असेल तर त्याने तिथल्या तिथे ठेच खावी आणि ती ठेच आपल्याला दिसावी. तयार झालेल्या फाईलींच्या तारखाही पुसल्या जातात. प्रत्येकीवर १ जानेवारी १९७०च्या पहिल्या सेकंदाची मोहर बसते. जागा, वेळ, माणूस या तिन्ही खुणा घालवून उरते ते फक्त व्याख्येने सांगितलेले काम. घरच्या यंत्राला परके करायचे, ते असे.

या खोलीत पहिला बिल्ड बहुधा फसतो. त्याने निराश होण्याचे कारण नाही. अपयशातूनच व्याख्या घडते. एखादी लायब्ररी आपल्या संगणकावर आधीपासून होती म्हणून तिचे नाव लिहायचे राहिलेले असते. पॅकेज-कॉन्फिगसारखे साधन फक्त बांधताना लागते आणि प्रोग्राम चालताना लागत नाही, हा फरक डोक्यात असतो, व्याख्येत उतरलेला नसतो. गीक्समध्ये या दोन प्रकारच्या गरजा वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्या लागतात. त्यांची सरमिसळ झाली तर आज काही बिघडत नाही, पण एका प्रकारच्या प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी पॅकेज बांधायची वेळ आली की घोटाळा बाहेर येतो. फसलेल्या बिल्डची डिरेक्टरी जपून ठेवायला सांगता येते. तिच्यात त्या खोलीतले सगळे पर्यावरण-चल लिहून ठेवलेली एक फाईलही असते, त्यामुळे नेमके कुठे अडले हे आत जाऊन पाहता येते. गाडी सर्वांत जास्त अडते ती चाचण्यांच्या टप्प्यावर. मूळ प्रकल्पाच्या चाचण्यांना कधी इंटरनेट हवे असते, कधी होम डिरेक्टरी, कधी टाईमझोनची माहिती. एका ओळीत सगळ्या चाचण्या बंद करता येतात आणि मोह तोच होतो. त्या मोहाला बळी पडू नये. जी एखादी चाचणी इंटरनेटवाचून चालूच शकत नाही ती तेवढी वगळावी, आणि का वगळली ते शेजारी लिहावे. कारण न लिहिता बंद केलेली चाचणी म्हणजे पुढच्या माणसापासून लपवलेली माहिती आहे.

याहून फसवी चूक अशी की बिल्ड यशस्वी होतो आणि तरी पॅकेज अपुरे असते. मराठी वापरकर्त्याला तिची झळ थेट बसू शकते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी भाषांतर बहुधा ‘एमआर’ नावाच्या एका मजकूर फाईलीत असते, आणि गेटटेक्स्टमधले साधन तिला यंत्राला वाचता येईल अशा रूपात आणते. काही प्रकल्पांची मांडणी अशी असते की बांधताना ते साधन सापडले नाही तर तक्रार न करता भाषांतराचा भाग सोडून पुढे जायचे. व्याख्येत गेटटेक्स्टचे नाव लिहायचे राहून गेले तर बिल्ड हिरवा, चाचण्या हिरव्या, आणि मेनू मात्र इंग्रजीत. कोणा अनुवादकाने महिनोन्‌महिने केलेले काम वापरणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, आणि कुठे त्रुटीचा संदेशही उमटत नाही. म्हणून बांधलेल्या पॅकेजच्या आत शिरून पाहायला हवे: लोकेल डिरेक्टरीत ‘एमआर’ आहे का, आणि तिच्यात संदेशांची फाईल आहे का? देवनागरी फॉन्टचे पॅकेज करताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हे हिंदीतल्या प्रचलित वळणांहून वेगळे असतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, आणि मजकूर मराठी आहे असे कळल्यावर मराठी वळण निवडले जाते. फॉन्टची फाईल जागेवर पोचली म्हणून पॅकेज तपासून झाले असे होत नाही. मजकुराची भाषा मराठी ठरवून ‘शाल’ लिहून पाहावे, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट बसतो का ते पाहावे. मूळ प्रकल्पाच्या चाचण्या हे पाहतीलच असे नाही. ते पाहणारा डोळा मराठी वाचणाऱ्याचाच हवा.

पॅकेज नीट बांधले गेले, नीट चालले. तरी डोल्स्ट्रांच्या फलनाची अट राहतेच: तेच घटक दिले तर तेच फळ येते का? गीक्समध्ये त्यासाठी तीच व्याख्या पुन्हा बांधून दोन्ही निकाल बिट-बिट ताडून पाहण्याची सोय आहे. निकाल जुळत नाहीत असे बऱ्याचदा आढळते आणि कारणे क्षुल्लक दिसतात. प्रोग्रामने स्वतःत बांधणीची वेळ कोरून ठेवलेली असते. डिरेक्टरीतल्या फाईली ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने जोडल्या गेलेल्या असतात आणि तो क्रम दर वेळी सारखा नसतो. काम किती कोअरवर वाटले गेले याचाही ठसा उमटतो. असे फरक शोधून घालवण्याची मोठी चळवळ डेबियनमध्ये २०१३ पासून आकाराला आली. तिच्यातून वेळेची एकच ठरावीक नोंद सर्व साधनांना पुरवण्याचा संकेत आला, दोन पॅकेजेसमधला फरक थर उलगडत दाखवणारे डिफोस्कोप आले, आणि डिरेक्टरीतल्या फाईलींचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकणारी डिसऑर्डर-एफएस ही फाईल-प्रणालीही आली. या शेवटच्या साधनात चाचणीचे एक मोठे तत्त्व आहे. एकसारखी परिस्थिती दोनदा उभी करून निकाल जुळला तर थोडेच कळते. परिस्थिती मुद्दाम बिघडवूनही निकाल जुळला, तर बरेच कळते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हे सगळे सामाईक सर्व्हरवर आपोआप होते, मग प्रत्येकाने घरी कष्ट का घ्यावेत? सर्व्हर हवाच, माझा विरोध त्याला नाही. पण सर्व्हर फक्त ‘झाले’ किंवा ‘फसले’ असे सांगतो. का फसले हे समजून घेण्यासाठी अपयशाजवळ बसावे लागते, एक ओळ बदलून पुन्हा पाहावे लागते, अर्धवट बांधलेल्या डिरेक्टरीत हिंडावे लागते. दूरच्या रांगेत थांबून प्रत्येक प्रयत्नाला अर्धा तास मोजणारा माणूस हळूहळू कारण शोधणे सोडतो आणि हिरवा दिवा लागेपर्यंत ओळी बदलत बसतो. शिवाय सामाईक सर्व्हरवर पाठवलेली कच्ची व्याख्या इतरांचाही वेळ खाते. दुसरा आक्षेप डॉकरच्या सवयीतून येतो: कंटेनरमध्ये सगळे एकत्र बांधून दिले की प्रश्न मिटला. कंटेनरची प्रतिमा म्हणजे निकालाचा साठा. तो जसाच्या तसा हलवता येतो, ही मोठीच सोय आहे. पण तो निकाल कसा आला हे प्रतिमा पुरेसे सांगत नाही. तिच्या कृतीत ‘पॅकेजांची यादी ताजी करा आणि अमुक पॅकेज बसवा’ अशी ओळ असेल तर तीच कृती आज एक फळ देते, सहा महिन्यांनी दुसरे. कंटेनर चालताना अलगपणा देतो. बांधताना कोणते घटक आत येतील हे मात्र व्याख्येनेच बांधून घ्यावे लागते. दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक आहेत, पर्यायी नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाकडे बोट दाखवतो. डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये एक छोटा बदल झाला. मेमरी तपासणारे एक साधन काही ओळींवर इशारा देत होते, म्हणून त्या ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांपैकी एका ओळीतूनच गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता आत येत होती. ती गेल्यावर किल्ली ठरवायला उरला तो प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. साध्या संगणकालाही त्या सगळ्या करून पाहता येतात. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत पॅकेज बांधले जात होते, चालत होते, किल्ल्या तयार होत होत्या. मग चाचण्यांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ‘किल्ली तयार होते का’ हा प्रश्न विचारला जात होता; ‘हजारो किल्ल्या तयार केल्या तर त्यांची पुनरावृत्ती होते का’ हा विचारला गेला नव्हता. या घटनेतून चाचण्या निरुपयोगी ठरत नाहीत. मूळ कोडमध्ये बदल करणारी व्याख्या ही कारकुनी नोंद राहत नाही आणि तिच्यावर लेखकाइतकीच जबाबदारी येते, असा तिचा धडा आहे. आपण जे बदलले, त्याच्यासाठीच नवी चाचणी लिहावी, हा नियम तिथून घ्यायला हवा.

एक्सझेड या दाबक-साधनाचे २०२४ मधले प्रकरण तर पॅकेजिंगच्याच वाटेवर टपून बसलेले होते. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गाठोड्यांत एक घातक तुकडा होता. तो जागा करणारी फाईल प्रकल्पाच्या उघड कोड-भांडारात नव्हती, फक्त प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात होती. मुख्य विष चाचणीसाठी ठेवलेल्या दाबलेल्या फाईलींमध्ये दडवले होते. आणि तो तुकडा आधी पाहायचा की आपल्यापासून डेबियनचे किंवा आरपीएमचे पॅकेज बांधले जात आहे का; तसे असेल तरच हालचाल करायचा. हॅश जुळत होता, कारण गाठोडे तेच होते. गाठोड्यातच विष होते. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी ते जगापुढे आणले. ते पोस्टग्रेसचे विकासक. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर मोजमाप करत असताना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याचा माग काढला. हे प्रकरण माझ्या म्हणण्याला छेद देते असे वरवर वाटेल. माझ्या मते ते त्याला बळच देते. हॅश आणि बंद खोली यांनी ‘काय बांधले’ याची खात्री होते. ‘जे बांधले ते चांगले आहे का’ याची होत नाही. पण पहिली खात्री असेल तरच दुसरा प्रश्न नीट विचारता येतो. गाठोडे आणि भांडार वेगळे आहेत हे कळायला दोन्ही नेमकेपणाने ओळखता यावे लागतात. शिवाय हा शोध लागला तो आपल्याच यंत्रावर बारकाईने मोजणाऱ्या एका माणसामुळे. घरची चाचणी म्हणतात ती हीच.

बंद खोलीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. खोली फाईली लपवते, नेटवर्क तोडते, पण प्रोसेसर लपवत नाही. ‘या यंत्राला साजेल असे बांध’ असा पर्याय कंपायलरला दिलेला असेल तर पॅकेज आपल्याकडे दहादा बांधले तरी तेच येईल आणि शेजारच्या जुन्या संगणकावर पहिल्याच क्षणी कोसळेल. घड्याळही बाहेरचेच असते. चाचण्यांत एखादे मुदतीचे प्रमाणपत्र असेल तर आज हिरवा असलेला बिल्ड मुदत संपली की लाल होईल. म्हणून घरच्या चाचणीनंतर दुसऱ्याच्या यंत्रावरची चाचणी लागतेच. त्याहून खोल मर्यादा केन थॉम्पसन यांनी १९८४ सालच्या आपल्या गाजलेल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवून दिली होती: मूळ कोड निर्दोष असला तरी कंपायलरच भ्रष्ट असेल तर काय? त्या प्रश्नाला गीक्सने दिलेले उत्तर थक्क करणारे आहे. २०२३ पासून तिथली बांधणीची साखळी अवघ्या ३५७ बाइटच्या एका बीजापासून सुरू करता येते. इतके छोटे बीज की माणसाला ते प्रत्यक्ष वाचून तपासता येते, आणि त्यातून पायरी-पायरीने पूर्ण कंपायलरपर्यंत जाता येते. ते बीज चालवायला लागणारा कर्नल आणि प्रोसेसर यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो, तेव्हा प्रश्न संपला असे नाही. पण विश्वास कुठे ठेवला आहे, याची सीमा आता बोट ठेवून दाखवता येते.

हेच या साऱ्या खटाटोपाचे फळ आहे. व्याख्या लिहिण्यापूर्वी आपले आपल्या यंत्रावरचे अवलंबन अदृश्य असते. लिहिल्यानंतर ते कागदावर येते. काय लागते ते नावानिशी, काय वगळले ते कारणासकट, काय आणले ते बावन्न अक्षरांच्या शिक्क्यासह. सुरुवात मोठ्या प्रोग्रामपासून करण्याची गरज नाही. मराठी वापरकर्त्याला उपयोगी असे एखादे छोटे पॅकेज घ्यावे: मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट, शुद्धलेखन तपासणारा शब्दकोश, एखादा कीबोर्ड लेआउट. वीस ओळींची व्याख्या लिहावी, ती बंद खोलीत बांधावी, पुन्हा एकदा बांधून ताडून पाहावी, आणि मग मराठी वळणाचा ‘ल’ पडद्यावर उमटतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर ती फाईल अमरावतीच्या विद्यार्थ्याकडे जाईल किंवा टोरांटोतल्या मराठी घरात. ज्यांनी आपले यंत्र कधी पाहिले नाही, त्यांच्याही पडद्यावर तोच ‘ल’ उमटेल, आणि नाही उमटला तर कोणत्या ओळीत पाहायचे हे त्यांना आपल्याला विचारावे लागणार नाही.